विश्लेषण : पायथनमध्ये मोबाइल गेम जरूर लिहावा, पण त्याचे ‘ॲप’ कशाला?

मुलांना कोडिंग शिकवणाऱ्या बहुतेक जाहिरातींचा शेवट ठरलेला असतो. मुलाच्या हातात फोन, फोनवर त्याने स्वतः केलेले ‘ॲप’ आणि मागे कौतुकाने पाहणारे आईवडील. यातले सगळेच खोटे नाही. पायथन ही भाषा वापरून बोटाने खेळायचा एखादा साधा गेम आठवी-नववीतला विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत लिहू शकतो आणि त्यासाठी घरात लॅपटॉप असण्याचीही गरज नाही. रखडपट्टी सुरू होते ती त्या गेमचे ‘ॲप’ करायला घेतल्यावर. गेम तयार होऊन बसलेला असतो, ॲप मात्र होता होत नाही. यात दोष मुलाचा नसतो आणि फारसा पायथनचाही नसतो. चुकलेले असते ते गाठायचे म्हणून सांगितलेले ठिकाण.

पायथनच का आणि फोनवरच का?

नेदरलँड्सचे ग्विदो व्हॅन रॉसम यांनी १९८९च्या नाताळच्या सुट्टीत या भाषेचे काम हाती घेतले आणि १९९१ मध्ये ती लोकांपुढे आली. नावाचा अजगराशी काही संबंध नाही. ‘मॉण्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मालिकेवरून ते उचलले आहे. वाचायला सोपी, कमी चिन्हांची आणि चूक झाली तर बऱ्यापैकी स्पष्ट शब्दांत सांगणारी अशी ही भाषा आज सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात शिकवली जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तर कोडिंगचे उपक्रम माध्यमिकपूर्व टप्प्यात, म्हणजे सहावीपासूनच आणायला सांगितले आहे.

धोरणात कोडिंग आले, घरात संगणक आला नाही. ‘असर’च्या २०२३च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयोगटातील जवळपास ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन आढळला. संगणक वा लॅपटॉप असलेली घरे त्या मानाने अगदीच थोडी. तेव्हा ‘कोडिंग शिकायचे’ याचा अर्थ बहुसंख्य मुलांसाठी ‘फोनवर शिकायचे’ असाच होतो, मग अभ्यासक्रम करणाऱ्यांना ते आवडो वा न आवडो.

अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ हे ॲप टाकले की पायथनचा कोड फोनवरच लिहिता येतो आणि नेट नसतानाही चालवता येतो. फुकटच्या आवृत्तीत जाहिराती येतात, हे खरे. त्यात किव्ही ही मोफत लायब्ररी उतरवून घ्यायची. २०११ पासून उपलब्ध असलेली किव्ही मुळातच बोटाच्या स्पर्शासाठी बेतलेली आहे. पायगेम ही तिच्याहून जुनी लायब्ररीही चालते, पण तिची घडण कीबोर्ड आणि माउसच्या जमान्यातली. आयफोनवाल्यांसाठी पायथोनिस्टा आहे, पैसे मोजून.

इथेच एक गोष्ट कबूल केलेली बरी. धंदा म्हणून मोबाइल गेम करणारे पायथनच्या वाटेला सहसा जात नाहीत. ते युनिटी किंवा गोडो यांसारखी साधने वापरतात, कारण पायथन तुलनेने संथ आहे आणि साध्या गेमबरोबरही अख्खा पायथन बांधून पाठवावा लागतो. नोकरीच्या दृष्टीने कोणी विचारत असेल तर उत्तर ‘पायथन नको’ असेच येईल. शिकण्याच्या दृष्टीने विचारत असेल तर उत्तर उलट आहे.

स्पर्श म्हणजे फोनला नेमके काय कळते?

काचेखाली अत्यंत बारीक तारांची जाळी असते. तिच्यावर सूक्ष्म विद्युतभार असतो. बोट हे विद्युतवाहक. ते जवळ आले की त्या ठिकाणचा भार किंचित बदलतो आणि तो बदल फोन मोजतो. म्हणून लाकडी काडीने स्क्रीन चालत नाही आणि पावसात थेंब पडले की फोन आपोआप काहीबाही उघडत सुटतो. फोनला बोट दिसत नाही, फक्त आकडे कळतात : आडवे अंतर इतके, उभे अंतर इतके. किव्ही हे आकडे तीन प्रसंगी प्रोग्रॅमकडे सोपवते. बोट टेकले तेव्हा, सरकले तेव्हा आणि उचलले तेव्हा. बोटाने खेळायचे बहुतेक गेम, कितीही झगमगीत असले तरी, या तीन प्रसंगांवर उभे असतात.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यासाठी एक गंमत यात दडलेली आहे. संगणकाच्या बहुतेक चित्रप्रणालींत आरंभबिंदू स्क्रीनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि खाली जावे तसा आकडा वाढतो, पायगेममध्येही तसेच. किव्हीत तो खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो. म्हणजे फोनची काच हा नववीच्या निर्देशक भूमितीतला पहिला चरण. आलेखाच्या कागदावर जे शिकले तेच इथे जसेच्या तसे लागू पडते, फक्त बिंदू हलायला लागतात.

साधा गेम म्हणजे किती साधा?

फुगे फोडण्याचा गेम घेऊ. खालून फुगे वर येतात, बोट लावले की फुटतात, प्रत्येक फुग्याला एक गुण. वरच्या कडेतून निसटलेला फुगा गेला. हे साठ-सत्तर ओळींत बसते. पण त्या ओळी लिहिताना ज्या चुका होतात, त्यातच खरे शिक्षण आहे आणि पाठ्यपुस्तकाने त्या आधीच टाळून दिल्या तर शिकण्यासारखे फार उरत नाही.

पहिली चूक हमखास होते. फुग्याला सांगितले, ‘बोट टेकले की फूट.’ गेम सुरू केला, एका कोपऱ्यात बोट टेकवले आणि स्क्रीनवरचे सगळे फुगे एकदम फुटले. मूल हसते, मग बुचकळ्यात पडते. कारण असे की, किव्हीत बोट टेकल्याची खबर त्या जागेवरच्या घटकालाच नव्हे, तर स्क्रीनवरच्या प्रत्येक घटकाला दिली जाते. वाड्याच्या चौकात पोस्टमनने आरोळी ठोकावी तसे. पत्र आपले आहे का, हे ज्याचे त्याने पाहायचे. म्हणून प्रत्येक फुग्याला आधी विचारायला लावायचे : हा स्पर्श माझ्या अंगावर आहे का? असेल तर फुटायचे आणि ‘मिळाले, पुढे कोणाला सांगू नका’ असे कळवायचे. हे कळवायला विसरले तर एकमेकांवर आलेले दोन फुगे एका बोटात फुटतात. तसे फुटू द्यावेत की नाही, हे मात्र संगणक ठरवत नाही. गेम लिहिणाऱ्याला ठरवावे लागते. नियम कोणी करायचा, हा प्रश्न मुलापुढे बहुधा पहिल्यांदाच इतक्या उघडपणे येतो.

दुसरी चूक अधिक चोरटी. फुगा गोल आहे, पण ‘माझ्या अंगावर का’ हे तपासताना किव्ही त्याच्याभोवतीचा चौकोन पाहते. चौकोनात मावणारे मोठ्यात मोठे वर्तुळ त्याचा सुमारे ७८.५ टक्के भाग व्यापते. उरलेले साडेएकवीस टक्के म्हणजे चार रिकामे कोपरे. तिथे बोट लागले तरी फुगा फुटतो आणि खेळणाऱ्याला वाटते, ‘लागले नव्हते, तरी फुटला!’ दुरुस्तीसाठी बोटापासून फुग्याच्या केंद्रापर्यंतचे अंतर काढायचे आणि ते त्रिज्येपेक्षा कमी आहे का पाहायचे. हे दहावीतले अंतराचे सूत्र, त्याच्या पोटात पायथागोरसचे प्रमेय. ‘याचा पुढे उपयोग काय?’ या वर्गातल्या सनातन प्रश्नाला इतके चोख उत्तर क्वचित मिळते. अर्थात, धंदेवाईक गेम करणारे पुष्कळदा हा कोपरा मुद्दाम सैल सोडतात, कारण बोटाचे टोक जाडजूड असते आणि खेळणाऱ्याला थोडी सवलत दिली तर तो रागावत नाही. गूगलच्या मार्गदर्शक सूचना बोटाने दाबायची जागा किमान ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर असावी असे सांगतात. म्हणजे अचूक गणित करायला शिकायचे आणि मग ते कुठे सैल सोडायचे तेही शिकायचे.

तिसरी चूक स्वतःच्या फोनवर दिसतच नाही. फुगा प्रत्येक चित्राला पाच ठिपके वर सरकव, असे लिहिले. फोन सेकंदाला ६० चित्रे काढत असेल तर फुगा सेकंदाला ३०० ठिपके चढतो. तोच गेम मावशीच्या चार वर्षे जुन्या फोनवर टाकला, तिथे सेकंदाला तीसच चित्रे निघाली, तर फुगे अर्ध्या वेगाने येतात. म्हणजे गेम सोपा झाला आणि मावशीचे गुण जास्त झाले. हा अन्याय दूर करायचा तर मागच्या चित्रापासून किती वेळ गेला ते विचारायचे आणि वेगाला त्या वेळेने गुणायचे. किव्हीचे घड्याळ तो वेळ प्रत्येक वेळी हाती देतेच. अंतर बरोबर वेग गुणिले वेळ. विज्ञानाच्या पुस्तकातली पहिली-दुसरी समीकरणे असतील ही.

आणि चौथी. फुटलेले आणि निसटलेले फुगे यादीतून काढायचे असतात. यादी वाचता वाचताच त्यातून काढायला गेले की एखादा फुगा नजरेतून सुटतो. रांगेत उभ्या मुलांची हजेरी घेताना मधलाच एक जण निघून गेला, मागचे सगळे एक पाऊल पुढे सरकले आणि मास्तर मात्र पुढच्या जागेकडे वळले, तर एकाची हजेरी राहतेच. ही चूक नोकरीत दहा वर्षे काढलेलेही करतात.

मग अडचण कुठे येते?

इथवर आलेला गेम पायड्रॉइडमध्ये चालतो आहे. आता घरचे म्हणतात, ‘आम्हाला पाठव.’ म्हणजे एपीके फाइल करायची. त्यासाठी बिल्डोझर नावाचे साधन आहे. ते लिनक्सवर चालते. विंडोजवर हवे असेल तर आधी विंडोजच्या आत लिनक्स बसवायचे. पहिल्या खेपेला ते गूगलचे अँड्रॉइडसाठीचे साहित्य उतरवून घेते, जे काही जीबी भरते. मग कधी जावाची आवृत्ती जुळत नाही, कधी एखाद्या लायब्ररीची. पडद्यावर शेकडो ओळी धावत जातात आणि शेवटी लाल अक्षरांत काहीतरी उरते, ज्याचा मुलाने लिहिलेल्या एकाही ओळीशी संबंध नसतो. ब्राउझरमधून गूगलचा संगणक वापरून हे काम उरकण्याची एक पळवाट आहे, पण तीही सरळ नाही. फुग्यांच्या गेमची ती फाइल अखेर झालीच तर सहज दहा एमबीच्या पुढे जाते. मूळ कोड असतो दोन-तीन केबी.

परिस्थिती सुधारते आहे, हे नोंदवले पाहिजे. पायथनच्या मूळ चमूने ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ या आवृत्तीपासून अँड्रॉइड आणि आयओएस यांना अधिकृत पाठिंब्याच्या यादीत घेतले, तेही तिसऱ्या श्रेणीत. ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ पासून अँड्रॉइडसाठी अधिकृत तयार आवृत्तीही मिळू लागली. पण ही सोय साधने बनवणाऱ्यांसाठी आहे. शाळेतल्या मुलापर्यंत तिचा लाभ झिरपायला अवकाश आहे. आणि ज्याला फक्त फोनवर चालणारे ॲप हवे आहे, त्याने पायथनचा हट्ट न धरता एमआयटीचे ॲप इन्व्हेंटर घ्यावे. ठोकळे जोडून एपीके करण्यात ते कितीतरी सरस आहे.

प्ले स्टोअरवर गेम टाकण्यात वाईट काय?

वाईट काही नाही, पण शाळकरी मुलासाठी ते दारच नाही. गूगल प्लेवर विकासक म्हणून नाव नोंदवायला एकदाच २५ डॉलर लागतात, ॲपलकडे दर वर्षी ९९ डॉलर. गूगलच्या खात्याला वयाची अट १८ वर्षांची. शिवाय नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक खाते उघडणाऱ्याला आधी काही जणांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घ्यावी लागते. ही संख्या सुरुवातीला २० होती, आता १२ आहे. कचरा ॲप आणि फसवे ॲप रोखण्यासाठी हे नियम आले आणि त्यामागची चिंता रास्त आहे. पण मग ‘आमच्या वर्गातल्या मुलाने स्टोअरवर ॲप टाकले’ असे जेव्हा ऐकू येते, तेव्हा ते खाते कोणाचे आणि शेवटचे काम कोणी केले, हे विचारायला हवे.

हे विचारण्याची वेळ याआधी आलेली आहे. २०२० च्या टाळेबंदीत लहान मुलांच्या कोडिंग वर्गांच्या जाहिरातींना ऊत आला होता. कोणी म्हणे गुंतवणूकदार दारात रांग लावून उभे, कोणी म्हणे या वयात कोट्यवधींचा धनी. भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे तक्रारी गेल्या आणि काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. जाहिराती गेल्या तरी त्यांनी रुजवलेली अपेक्षा गेली नाही. गेम लिहिला म्हणजे तो ‘बाजारात’ आला पाहिजे, डाउनलोड मोजले गेले पाहिजेत. चित्रकलेच्या वहीतले चित्र विकले गेले का, असे कोणी आठवीतल्या मुलीला विचारत नाही.

बाजार गाठलेल्या साध्या गेमचे काय होते, याचे गाजलेले उदाहरण व्हिएतनामचे. हनोईच्या डाँग न्गुयेन याने केलेला ‘फ्लॅपी बर्ड’ मे २०१३ मध्ये आला. (तो पायथनमध्ये नव्हता, पण साधेपणात फुग्यांच्या गेमचाच भाऊ : एक बोट, एक पक्षी, काही नळ्या.) काही महिने त्याकडे कोणी पाहिले नाही. २०१४ च्या सुरुवातीला तो जगभर पहिल्या क्रमांकावर गेला आणि जाहिरातींतून दिवसाला सुमारे ५० हजार डॉलर मिळतात, असे न्गुयेनने पत्रकारांना सांगितले. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याने स्वतःच तो काढून टाकला. लोकांना त्याचे व्यसन लागले, हे त्याने दिलेले कारण होते. पैसा मिळत असलेला गेम बंद करणारा माणूस विरळा, म्हणूनच तो लक्षात राहिला.

गेम लिहिणारे मूल फोनला आणखी चिकटणार नाही का?

पालकांची ही शंका टाळण्यासारखी नाही. तासन्‌तास स्क्रीनकडे पाहणे डोळ्यांना आणि झोपेला वाईटच, मग हाताने कोड लिहीत असो की रील पाहत असो. पण दोन्हींत एक फरक आहे आणि तो फुग्यांच्या गेममध्ये एका ओळीने दिसतो. दहातून एकदा सोनेरी फुगा यावा आणि त्याला दहा गुण मिळावेत, असे मुलाने लिहिले की गेम एकाएकी सोडवेनासा होतो. सोनेरी फुगा केव्हा येणार ते माहीत नसते, म्हणून हात हलत नाही. मग तेच मूल दहाच्या जागी पन्नास लिहून पाहते. सोनेरी फुगा आता क्वचित येतो, तरी बहीण अजून खेळतेच आहे! दुकानांत मिळणाऱ्या अनेक गेममध्ये पैसे घेऊन उघडायला दिल्या जाणाऱ्या ‘नशिबाच्या पेट्या’ याच तत्त्वावर चालतात. ते व्याख्यानाने समजावता येत नाही. तो आकडा स्वतःच्या हाताने बदललेल्या मुलाला समजवावे लागत नाही.

खरी काळजी वेगळीच असायला हवी. ‘असर’च्या त्याच पाहणीनुसार, स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेल्या मुलांचे प्रमाण मुलींच्या दुपटीहून अधिक आहे. फोनवर शिकवायचे ठरवले आणि फोन आणायची जबाबदारी घरावर टाकली, तर वर्गातल्या निम्म्या मुली भावाच्या मागे बसून पाहतील. घरचा फोन गृहीत धरून आखलेला कोणताही उपक्रम इथे अडखळणार.

मराठीत गेम लिहिता येतो का?

अर्धामुर्धा. पायथन ३ मध्ये आपण ठेवतो ती नावे देवनागरीत चालतात. ‘गुण’, ‘वेग’, ‘फुगा’ अशी नावे देऊन प्रोग्रॅम लिहिता येतो आणि तो बिनतक्रार चालतो. ‘इफ’, ‘फॉर’, ‘व्हाइल’ असे मोजके राखीव शब्द तेवढे इंग्रजीतच राहतात. खेळणाऱ्याने देवनागरी आकड्यांत लिहिलेले ‘१२’ही पायथन बारा म्हणून वाचते. भाषेने दार इतके उघडे ठेवले आहे, हे फार थोड्या शिक्षकांना माहीत आहे. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी ‘गुण’ वाढवायला दिला तर निम्मी भीती जाते.

ठेच लागते ती स्क्रीनवर. किव्हीच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे ‘तुमचे गुण’च्या जागी रिकामे चौकोन दिसतात. देवनागरी फॉन्ट जोडला तरी अनेकदा जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाते. कारण देवनागरीत अक्षरे ओळीने मांडून भागत नाही, ती एकमेकांत बसवावी लागतात आणि किव्हीची नेहमीची अक्षरजुळणी ते काम करतेच असे नाही. ते करणारी दुसरी व्यवस्था संगणकावर जोडता येते, फोनवर जोडणे जिकिरीचे. तूर्त मराठी शब्दांची चित्रे करून ती दाखवणे हाच व्यवहारी मार्ग आहे. कोट्यवधी लोकांच्या लिपीसाठी हा उपाय लाजिरवाणा आहे. पण किव्ही खुली आहे, तिचा कोड कोणालाही दुरुस्त करता येतो आणि महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दर वर्षी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प हजारोंनी होतात. त्यातले एक-दोन इकडे वळले तरी पुरे.

ॲप नाही तर काय पाठवायचे?

कोडच पाठवायचा. ‘डॉट पीवाय’ ही दोन-तीन केबीची फाइल व्हॉट्सॲपवर क्षणात जाते. ज्याच्या फोनवर पायड्रॉइड आणि किव्ही आहे तो ती उघडून खेळू शकतो आणि मुख्य म्हणजे आत डोकावू शकतो. एपीके हा बंद डबा. ‘डॉट पीवाय’ ही पाककृती. मैत्रिणीने फुग्याचा वेग दुप्पट केला, तिसऱ्याने फुग्यांच्या जागी डास आणले, चौथ्याने गुण कमी होतील अशी सोय केली, असा गेम हातोहात बदलत जातो. कोणी खोडसाळपणे त्यात फोनमधल्या फाइल पुसणारी ओळ घालू शकतो, हा धोका आहेच. म्हणून आधी वाचायचे, मग चालवायचे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी. बंद डब्याच्या बाबतीत तेवढीही सोय नसते.

यात नवीन काही नाही. १९७३ मध्ये डेव्हिड आल यांचे बेसिक भाषेतल्या १०१ गेमचे पुस्तक आले, त्यात छापलेला कोड लोक स्वतः टाइप करून घेत आणि करता करता बदलत. भारतात १९८४ मध्ये ‘क्लास’ हा शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीचशे शाळांत ब्रिटनहून आलेले बीबीसी मायक्रो संगणक बसवले गेले. ते सुरू केले की समोर थेट बेसिक भाषा उभी राहायची. काहीतरी लिहिल्याशिवाय यंत्र काही करायचेच नाही. त्या प्रकल्पाच्या मर्यादा पुष्कळ होत्या, यंत्रे तुटपुंजी होती. आजचा दहा हजारांचा फोन त्या यंत्राच्या हजारो पट ताकदीचा आहे आणि सुरू केला की समोर दुकान येते. लिहिण्याची जागा शोधून, उतरवून, जाहिराती बाजूला सारून मिळवावी लागते.

ही जागा आणखी आक्रसू शकते. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले की, प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बाहेरून टाकायच्या ॲपच्या विकासकालाही आता ओळख पटवावी लागेल. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने इतरत्र. टीका झाल्यावर विद्यार्थी व हौशी मंडळींसाठी वेगळे खाते आणि जाणकारांसाठी धोका पत्करून ॲप टाकण्याची वाट ठेवू, असेही कंपनीने सांगितले. बनावट बँक ॲपने लुबाडलेल्यांची संख्या पाहता बंधन हवेच, पण त्याचा अर्थ असा की, मुलाने केलेली एपीके आतेभावाला पाठवणे यापुढे सोपे होणार नाही. ‘डॉट पीवाय’ फाइलला हा नियम लागत नाही, कारण ती ॲपच नाही.

शाळांनी काय करायचे?

लॅपटॉपच्या खोलीची वाट पाहण्यापेक्षा वर्गाला पाच-सहा जुने फोन पुरतील. पायड्रॉइडला फोनमध्ये साधारण २५० एमबी रिकामी जागा लागते, ती जुन्या फोनवरही निघते. सिम नको, नेटही एकदा साहित्य उतरवण्यापुरते. फोन शाळेचे असले म्हणजे ‘फोन आणू नका’ हा नियमही मोडत नाही आणि घरात फोन कोणाच्या हाती असतो हा प्रश्नही वर्गात येत नाही. शिक्षकाला मराठीतली वीस-पंचवीस पानांची पुस्तिका हवी, ज्यात वर सांगितलेल्या चुका टाळलेल्या नसतील, तर मुद्दाम ठेवलेल्या असतील. किती मुलांनी ॲप केले याचे तक्ते वरिष्ठांकडे पाठवण्याची पद्धत मात्र सुरुवातीलाच बंद करावी. नाही तर ते तक्ते भरण्यासाठी शिक्षकच ॲप करत बसतील.

आणि परीक्षा घ्यायचीच असेल, तर कोऱ्या पानावर गेम लिहून मागू नये. दुसऱ्या वर्गातल्या कोणी लिहिलेली फाइल फोनवर द्यावी. तिच्यात फुगा कोपऱ्याबाहेर बोट टेकवले तरी फुटतो आहे. तो फुटू नये असे करायला अर्धा तास द्यावा.